पायडल कोणते घ्यावे?

बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांची कुलदेवता आहे. त्याच देवीचे एक मंदिर बंगळूर शहराच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर आहे, आणि त्याच्या नावावरून भोवतालच्या विस्तीर्ण वसाहतीसही बनशंकरी हेच नाव मिळाले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवे लावण्यासाठी येथे भाविकांची रीघ लागते. मंदिरापासून जवळच मोठे बसस्थानक आहे. २०१७ च्या जून महिन्यापासून मेट्रोची हिरवी मार्गिका येथून धावू लागली. आणि शहराला वेढणारा बाह्य वर्तुळमार्गही ह्याच वसाहतीतून जातो. अशा ठिकाणाहून रोज सकाळी सायकलीवर कामास निघणाऱ्या माणसाच्या वाटेचे दोन अगदी निराळे भाग पडतात. आरंभीचा भाग बसगाड्या, रिक्षा, पादचारी आणि सिग्नल ह्यांच्यामधून थांबत थांबत काढावा लागतो. पुढे मोकळा रस्ता लाभला म्हणजे मात्र सायकल सलग धावू शकते. लालबाग येथून सुमारे पाच किलोमीटरांवर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी जावयाचे झाल्यास अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास भरते.

ह्या दुहेरी वाटेमुळेच एक लहानसा पण महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. सायकलीला पायडले कोणती बसवावीत? वरकरणी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु सायकल चालविणाऱ्याचा देह सायकलीला केवळ तीन ठिकाणी टेकलेला असतो : हात मुठींवर, बैठक खोगिरावर आणि पाय पायडलांवर. ह्यांपैकी सारी शक्ती जाते ती पायडलांतून, आणि थांबताना ज्यावर देहाचा तोल अवलंबून असतो तो पायही पायडलावरच असतो. मिनिटाला साठ फेरे धरले तर अर्ध्या तासाच्या प्रवासात प्रत्येक पाय अठराशे वेळा वरखाली होतो. म्हणून पायडलाची निवड चुकली तर तिचे परिणाम गुडघ्याला भोगावे लागतात, आणि भर चौकात तर ते ह्याहूनही गंभीर होऊ शकतात.

तीन प्रकारची पायडले

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या ओळखीचे पायडल म्हणजे सपाट पायडल. दोन्ही बाजूंस पाय ठेवता येतो, कोणतेही पादत्राण चालते, आणि पाय उचलला की तो मोकळा. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींना रबराच्या ठोकळ्यांची पायडले असत. आता धातूची किंवा नायलॉनची रुंद पायडले मिळतात व त्यांच्यावर बुटाचा तळ पकडून धरण्यासाठी बारीक खिळे बसविलेले असतात.

दुसरा प्रकार खटक्याच्या पायडलांचा. ह्यांत बुटाच्या तळाला एक लहानशी पोलादी पट्टी दोन स्क्रूंनी बसविलेली असते; तिला दुकानदार क्लीट म्हणतात. चवडा पायडलावर दाबला की ही पट्टी खट्कन आवाज करून पायडलातील स्प्रिंगच्या पकडीत अडकते. पाय सोडवावयाचा तर टाच बाहेरच्या बाजूस वळवावी लागते. नुसता पाय वर उचलून तो सहसा सुटत नाही, आणि ह्याच गोष्टीत ह्या पायडलाचा गुणही आहे आणि धोकाही आहे.

तिसरा प्रकार ह्या दोहोंचा संयोग होय. पायडलाची एक बाजू सपाट, तर दुसऱ्या बाजूस खटका. पायडल अर्धे उलटविले की हवी ती बाजू वर येते. ह्यालाच आपण दुहेरी पायडल म्हणू. जपानच्या शिमानो कंपनीचे, एका अंगास पिंजरा व दुसऱ्या अंगास खटका असलेले पी.डी. एम. ३२४ हे पायडल बराच काळ लोकप्रिय होते. त्याच कंपनीच्या पी.डी. ई.एच. ५०० ह्या नमुन्यात सपाट बाजूस काढता-घालता येणारे खिळे आहेत. इतर उत्पादकांचीही अशी पायडले मिळतात.

थोडा इतिहास

पाय पायडलाशी बांधून ठेवण्याची कल्पना नवी नाही. चवड्यासमोर लोखंडी कडी आणि तिच्यातून ओवलेला चामडी पट्टा ही योजना शर्यतीचे सायकलपटू कित्येक दशके वापरीत असत. पट्टा आवळला की पाय घट्ट बसे. परंतु थांबण्यापूर्वी खाली वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. बुटालाच पट्टी बसवून ती पायडलात अडकविण्याचे एक पेटंट अमेरिकेत चार्ल्स हॅन्सन ह्याने १८९५ सालीच घेतले होते, पण ती युक्ती रूढ झाली नाही.

खरी क्रांती घडली ती बर्फावरून घसरण्याच्या खेळामुळे. फ्रान्समधील नेव्हेर येथे जाँ बेल ह्याने १९५१ मध्ये स्थापन केलेली लुक ही कंपनी स्कीच्या लांब फळ्यांना बूट अडकविण्याच्या पकडी तयार करीत असे. स्की खेळताना माणूस पडला व पाय फळीत अडकूनच राहिला, तर हाड मोडते. म्हणून ठरावीक जोराने पीळ बसताच आपोआप सुटणारी पकड त्या खेळात अत्यावश्यक असते. हेच तत्त्व कंपनीने सायकलीच्या पायडलाला लावले आणि १९८४ साली आपले पायडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार इनो ह्या फ्रेंच सायकलपटूने ही पायडले वापरून फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल शर्यत पाचव्यांदा जिंकली, आणि मग चामडी पट्टे शर्यतींतून झपाट्याने नाहीसे झाले.

परंतु शर्यतीच्या बुटाची पट्टी मोठी व तळाबाहेर आलेली असे. ते बूट घालून चालणे म्हणजे फरशीवर बदकासारखे डुलणे. १९२१ साली सकाई येथे सुरू झालेल्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये ह्यावर उपाय काढला. पट्टी लहान केली आणि ती बुटाच्या तळातील खोलगट जागेत बसविली. त्यामुळे तेच बूट घालून जिना चढता येऊ लागला व कचेरीतही वावरता येऊ लागले. ही रचना एस.पी.डी. ह्या नावाने ओळखली जाते. रोज कामास जाणाऱ्यास उपयोगी पडणारी बहुतेक दुहेरी पायडले ह्याच पद्धतीची, दोन स्क्रूंच्या पट्टीची असतात. तीन स्क्रूंची मोठी पट्टी शर्यतवाल्यांसाठी आहे; मेट्रोच्या गुळगुळीत पायऱ्यांवर ती घालून उतरणे धोक्याचे.

लाभ किती आणि कोणता?

खटक्याच्या पायडलांची शिफारस करताना पुष्कळदा असे सांगण्यात येते की, पाय अडकलेला असल्यामुळे खाली दाबण्याबरोबरच वर ओढूनही जोर लावता येतो आणि म्हणून श्रम वाचतात. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. २००७ साली कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंना वेगवेगळ्या पद्धतींनी पायडल मारावयास लावून त्यांच्या शरीराचा ऊर्जाव्यय मोजला. पाय मुद्दाम वर ओढल्याने पायडलावरील जोराची दिशा सुधारली खरी, पण शरीराला त्याच कामासाठी अधिक ऊर्जा खर्चावी लागली. २००८ साली मोर्निओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सपाट आणि खटक्याच्या पायडलांची तुलना केली, तेव्हा मध्यम गतीच्या प्रयत्नात ऊर्जेच्या दृष्टीने दोहोंत उल्लेखनीय भेद आढळला नाही.

तेव्हा केवळ श्रम वाचतील ह्या आशेने कोणी खटक्याची पायडले घेत असेल, तर त्याने थोडा विचार करावा. त्यांचा खरा लाभ निराळा आहे. पाय एकदा योग्य जागी बसला की तो तेथेच राहतो. जलद पायडल मारताना, खडबडीत रस्त्यावर, खोगिरावरून उठून चढ चढताना किंवा पावसात पायडल ओले झाले असताना पाय घसरत नाही. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत संध्याकाळी, म्हणजे नेमक्या घरी परतण्याच्या वेळी, पावसाच्या जोरदार सरी येतात. रबरी ठोकळ्यांच्या पायडलावरून ओला बूट निसटून नडगीवर मार बसण्याचा अनुभव कित्येकांना आला असेल. मात्र हेही लक्षात ठेवावे की, चांगल्या खिळ्यांचे सपाट पायडल आणि चिवट रबरी तळाचा बूट ह्या जोडीनेही घसरण्याचे भय पुष्कळच कमी होते.

धोका कोठे आहे?

खटक्याच्या पायडलाने होणारा अपघात बहुधा वेगात होत नाही. तो सायकल थांबत असताना होतो. सिग्नल लाल होतो, पुढची रिक्षा एकाएकी उभी राहते, चालक ब्रेक दाबतो आणि नेहमीच्या सवयीने पाय सरळ वर उचलू पाहतो. पाय सुटत नाही. दुसऱ्या प्रयत्नाइतका अवसर मिळण्यापूर्वीच सायकल उभ्या जागी आडवी होते. रिकाम्या मैदानावर असे पडल्यास कोपर खरचटेल, थोडे हसू होईल आणि गोष्ट तेथेच संपेल. परंतु उजवीकडे बसगाडी उभी असताना त्या बाजूस पडणे ही हसण्याची गोष्ट नव्हे.

सायकलींना स्वतंत्र व निर्वेध पट्ट्या असत्या, तर हे भय कमी झाले असते. तसे प्रयत्न बंगळुरात झालेले आहेत. बनशंकरीच्या शेजारच्या जयनगरात २०१२ साली सायकलींसाठी पट्ट्या आखण्यात आल्या. पुढे त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या. कोरोनाच्या साथीच्या काळात, २०२० मध्ये, बाह्य वर्तुळमार्गाच्या पूर्व भागात खांब रोवून तात्पुरती पट्टी वेगळी काढण्यात आली होती. परंतु घरापासून कामापर्यंतची सारी वाट अशा पट्टीवरून जाईल असे भाग्य थोड्यांचेच. बहुतेकांना मोठ्या वाहनांच्या बाजूनेच जावे लागते, आणि तेथे पाय क्षणार्धात जमिनीवर टेकता येणे हे वेगापेक्षा अधिक मोलाचे आहे.

ह्या दृष्टीने मुंबईचे डबेवाले पाहावेत. डब्यांच्या ओझ्यासह सायकल हाकणे, इमारतीपाशी थांबणे, उतरणे आणि पुन्हा टांग मारणे हा त्यांचा क्रम. त्यांच्या पायांखाली साधे सपाट पायडलच असते व त्यांच्या कामास तेच योग्य आहे. याउलट, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत पाहा. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन ह्या डॉक्टर बंधूंनी ती जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ ह्यांनी एकट्याने. अशा शर्यतीत माणूस तासन्‌तास न थांबता पायडल मारीत असतो. तेथे पाय एका जागी पक्का राहण्याला मोल आहे. नोकरीस जाणारा आपला वाचक ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो, आणि दुहेरी पायडल त्याच्याकरिताच आहे.

दुहेरी पायडलाचे गुणदोष

दुहेरी पायडलाचा पहिला गुण म्हणजे चालकाला वाटेनुसार निर्णय घेता येतो. बसस्थानकाच्या गर्दीतून जाताना सपाट बाजू वर ठेवावी. रस्ता मोकळा झाला की पायडल उलटवून बूट अडकवावा. पुढचा मोठा चौक दृष्टिपथात येताच पुन्हा मोकळा करावा.

दुसरा गुण विशेषतः कुटुंबवत्सल वाचकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे सायकल पुष्कळदा एकट्याची नसते. सकाळी जिच्यावर घरचा कर्ता कामास जातो, तिच्यावरच संध्याकाळी मुलगी शिकवणीस जाते आणि रविवारी कोणीतरी कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन येते. दोन्ही बाजूंस केवळ खटका असलेल्या अरुंद पायडलावर चपलेचा पाय नीट ठरत नाही. दुहेरी पायडलामुळे एकच सायकल सर्वांच्या उपयोगी पडते, आणि विशेष बूट घरी ठेवून मंदिरात जावयाचे झाले तरी अडत नाही.

आता दोष. सपाट पायडलाची कोणतीही बाजू चालते. ह्याची मात्र नेमकी बाजू शोधावी लागते. मोकळे सोडले असता हे पायडल आपल्या वजनाने विशिष्ट कोनात लोंबते, त्यामुळे थोड्या सवयीनंतर बाजू पायाला न पाहता कळू लागते; परंतु आरंभी खाली पाहण्याचा मोह होतो. सिग्नल हिरवा होऊन मागे भोंगे वाजू लागले असता खाली मान घालून पायडल शोधणे सर्वथा वर्ज्य समजावे. जी बाजू वर असेल तिच्यावर पाय ठेवून चौक ओलांडावा आणि पलीकडे जाऊन मग हवी ती बाजू घ्यावी. दुसरा दोष असा की, पट्टी लावलेल्या बुटाने सपाट बाजू वापरताना, पट्टी तळाबाहेर किंचितही आलेली असल्यास धातूवर धातू घसरतो. म्हणून ज्यात पट्टी पुरती आत बसते असाच बूट निवडावा. तिसरा दोष खर्चाचा. पायडले, बूट आणि वेळोवेळी बदलावयाच्या पट्ट्या मिळून होणारा खर्च साध्या पायडलांच्या कित्येक पट भरतो.

खरेदी करताना

पहिली गोष्ट आट्यांची. बहुतेक गियरच्या व मोठ्यांच्या सायकलींच्या क्रँकला ९/१६ इंची आटे असतात. लहान मुलांच्या व अखंड क्रँकच्या काही सायकलींना १/२ इंची. जुन्या सायकलीसाठी पायडले घ्यावयाची असल्यास तिची मूळची पायडले सोबत नेऊन ताडून पाहावीत.

दुसरी गोष्ट पट्टीची. शिमानोच्या पद्धतीत दोन प्रकारच्या पट्ट्या मिळतात. एस.एच. ५१ ही काळी पट्टी टाच बाजूस वळविली तरच सुटते. एस.एच. ५६ ही पट्टी टाच वळवून तर सुटतेच, शिवाय पाय इतर दिशांनी जोराने ओढल्यासही सुटते. नवशिक्याने आणि शहरात सायकल चालविणाऱ्याने ही दुसरीच घ्यावी. जोराने ओढताना ती अवचित सुटण्याचा संभव थोडा अधिक असतो, पण नको तेव्हा सुटणारा पाय हा नको तेव्हा अडकणाऱ्या पायापेक्षा बरा.

तिसरी गोष्ट स्प्रिंगची. पकड कमी-अधिक करण्यासाठी पायडलावर एक लहान स्क्रू असतो. आरंभी तो अगदी सैल ठेवावा व कित्येक आठवडे तसाच राहू द्यावा.

चौथी गोष्ट परावर्तकांची. साध्या पायडलांना पुढेमागे पिवळे परावर्तक असतात. मागून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांत ते वरखाली हलताना दिसतात आणि ही हालचाल माणसाच्या पायांची आहे हे चालकास चटकन उमगते. खटक्याच्या बऱ्याच पायडलांना ते नसतात. ज्यांना वेगळे बसविता येतात त्यांना बसवून घ्यावेत. नाहीतर दोन्ही घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधाव्यात. विजारीचे काठ साखळीत अडकू नयेत ह्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

बसविण्याची रीत

उजव्या पायडलाचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. ह्यामागे कारण आहे. पायडल मारताना पायाचा भार आसाभोवती फिरत असतो, त्यामुळे आस क्रँकच्या भोकात अगदी सूक्ष्म प्रमाणात घरंगळत जातो. डाव्या बाजूस सरळ आटे असते तर ह्या घरंगळण्याने पायडल हळूहळू सैल होऊन गळून पडले असते. वाचकांनी एक सोपी खूण लक्षात ठेवावी. पान्हा आसावर उभा, वरच्या बाजूस टोक करून धरला असता, तो सायकलीच्या पुढच्या चाकाकडे ढकलल्यास कोणतेही पायडल आवळते आणि मागच्या चाकाकडे ओढल्यास सुटते. काही पायडलांना १५ मिलिमीटरचा पान्हा लागतो, काहींना आतल्या टोकाकडून एलन की. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले दोनतीन आटे हातानेच फिरवावेत; तिरपे बसलेले पोलादी आटे अॅल्युमिनियमचा क्रँक कायमचा खराब करतात.

बुटाची पट्टी साधारणतः चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा त्याच्या किंचित मागे यावी. खुर्चीवर बसून पाय सैल लोंबते सोडल्यास पावले ज्या कोनात राहतात, त्याच कोनात ती पायडलावरही राहिली पाहिजेत. काही अंशांची मोकळीक पायडलात ठेवलेली असते, परंतु पट्टी वाकडी बसविल्यास प्रत्येक फेऱ्यास गुडघ्याला पीळ पडतो. नवीन पट्टी बसविल्यावर गुडघा दुखू लागला तर ते सवयीने जाईल असे म्हणून दुर्लक्ष करू नये. पट्टीचा कोन व खोगिराची उंची तपासावी.

सराव

बनशंकरीत असो वा बेळगावात, पहिला सराव रस्त्यावर करू नये. भिंतीला किंवा खांबाला एका हाताने धरून सायकलीवर बसावे आणि प्रत्येक पाय वीस-पंचवीस वेळा अडकवून सोडवावा. त्यानंतर मोकळ्या मैदानात हळू चालवीत प्रत्येक वेळी थांबण्यापूर्वी पाय सोडवावा. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते; म्हणून थांबताना डावा पाय पदपथाच्या बाजूस टेकावा व तोल त्याच बाजूस कलता ठेवावा, म्हणजे पडण्याचा प्रसंग आलाच तर तो वाहनांपासून दूर येतो. टाच वळविण्याची क्रिया विचार न करता होऊ लागेपर्यंत गर्दीत केवळ सपाट बाजूच वापरावी. दुहेरी पायडलाने शिकणाऱ्यास ही सवलत मिळते, आणि तिचा संकोच मानण्याचे कारण नाही.

वापरातही एक नियम पाळावा. चौक आल्यावर पाय सोडवावयाचा नाही. चौक दिसू लागताच सोडवावयाचा. रिकामा चौक असला तरी हा नियम मोडू नये, कारण संकटाच्या क्षणी हात-पाय सवयीचेच ऐकतात.

देखभाल

दर पंधरवड्यास बुटाच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळून पाहावेत. ह्या लहान कामाचे महत्त्व फार मोठे आहे. एक स्क्रू गळून पडला तर पट्टी उरलेल्या स्क्रूभोवती फिरू लागते. मग टाच कितीही वळविली तरी बूटच फिरतो, पट्टी पायडलात तशीच राहते आणि पाय सुटत नाही. चिखल साचल्यासही खटका नीट काम करीत नाही. पावसाळ्यात जुन्या दातांच्या ब्रशाने तो काढून स्प्रिंगच्या सांध्यांना तेलाचा एखादा थेंब द्यावा. पट्टीच्या कडा झिजल्या, पाय सैल वाटू लागला किंवा अडखळत सुटू लागला, की नवी पट्टी घ्यावी. पायडल हाताने फिरविले असता खरखर आवाज आला तर आतील छर्रे तपासून घ्यावेत.

मग निर्णय कसा करावा?

दुकानात जाण्यापूर्वी एक आठवडा आपल्या नेहमीच्या वाटेवर एक साधी मोजणी करावी. घरापासून कामाच्या जागेपर्यंत आपला पाय जमिनीला किती वेळा टेकतो, आणि एकदा टेकल्यानंतर पुन्हा टेकेपर्यंत सर्वांत लांबचा पल्ला किती मिनिटांचा असतो, एवढेच रोज वहीत टिपावे. पल्ला दोनतीन मिनिटांहून अधिक कधीच होत नसेल, तर चांगल्या खिळ्यांची सपाट पायडले घ्यावीत व उरलेल्या पैशांत एक उत्तम दिवा आणि घंटा घ्यावी. त्यात आपण कशालाही मुकणार नाही. वाटेत दहापंधरा मिनिटांचे सलग, मोकळे पल्ले असतील, चढ असतील, पावसातही जाणे अपरिहार्य असेल आणि घरातील इतर माणसेही तीच सायकल वापरीत असतील, तर दुहेरी पायडल हा विचारपूर्वक केलेला खर्च ठरेल. दोन्ही बाजूंस खटका असलेले पायडल मात्र लांबच्या सफरी करणाऱ्यांसाठी राहू द्यावे.

आणि ही मोजणी करताना कामावर जाण्याची व परतण्याची अशा दोन्ही वेळांच्या नोंदी निरनिराळ्या ठेवाव्यात. सकाळी सातला मोकळा असणारा कनकपुरा रस्ता संध्याकाळी साडेसहाला तोच राहत नाही. निवड करावयाची ती संध्याकाळच्या आकड्यावरून करावी.